चालणं हवंच, पण उठायला ताकद लागते

प्रश्न: माझा मुलगा 31 वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. उंची पाच फूट, वजन 72 किलो. ज्या कार्यशाळेत जायचा ती बंद पडली, तेव्हापासून दोन वर्षं घरीच आहे. जेवायला खाली बसला की माझा हात धरल्याशिवाय उठत नाही, खुर्चीतूनही हातांवर जोर देऊनच उठतो. एसटीची पहिली पायरी त्याच्याने चढवत नाही, मागून ढकलावं लागतं. डॉक्टर म्हणाले चालायला न्या. वर्षभर रोज अर्धा तास चालतोय, पण पायात ताकद काही आली नाही. जिममध्ये विचारलं तर घेत नाही म्हणाले. रात्री त्याला रिस्पेरिडोन ही मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी असते. मी 62 वर्षांची, माझी कंबर दुखते. वजनं उचलायला लावली तर त्याला अपाय होईल का? शिकवायला गेलं की दोन मिनिटांत ‘नको’ म्हणून निघून जातो. – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, वर्षभर नेमाने चालवलंत ते वाया गेलेलं नाही. हृदय, साखर, झोप, मन या सगळ्यांसाठी ते लागतंच, म्हणून चालणं सुरू राहू द्या. मात्र खाली बसून उठणं आणि उंच पायरी चढणं ही ताकदीची कामं आहेत. सपाट रस्त्यावर चालताना मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू त्यांच्या क्षमतेच्या थोड्याच भागावर काम भागवतात. जमिनीवरून उठताना त्यांना 72 किलो एकदम वर न्यायचे असतात. स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार मिळाला आणि तो भार हळूहळू वाढत गेला, तरच ताकद वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस ताकदीचा व्यायाम. तुमच्याकडे पहिला अर्धा भाग झाला, दुसरा सुरूच झालेला नाही.

डाउन सिंड्रोममध्ये स्नायू मुळात सैल असतात आणि सांध्यांचे बंध ढिले. ‘त्याचे स्नायूच सैल, व्यायाम करून काय होणार’ असं घरोघरी ऐकायला मिळतं. सैलपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैलपणा व्यायामाने फारसा बदलत नाही, ताकद बदलते, अगदी पन्नाशीतही. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या नोरा शील्ड्स आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या 68 तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे जिममध्ये व्यायाम, सोबत फिजिओथेरपीचे विद्यार्थी. पायांची आणि हातांची ताकद स्पष्ट वाढली. पण खोकी रचणं, बादली वाहून नेणं अशा कामांत मात्र फरक दिसला नाही. यातून आपण घ्यायचं ते असं की ताकद आपोआप कामात उतरत नाही. एसटीची पायरी चढता यायला हवी असेल तर ताकदीच्या जोडीला पायरी चढण्याचाच सराव करावा लागतो.

आता तुमची भीती. वजनांनी अपाय होतो तो चुकीच्या जागी वजन ठेवल्याने किंवा आधीचं दुखणं न तपासल्याने. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू पॉवरलिफ्टिंग करतात. त्याआधी त्यांची तपासणी होते, तशीच तुमच्या मुलाचीही करून घ्या.

सगळ्यात आधी मान. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींमध्ये प्रमाणापेक्षा जास्त हलतो. एक्स-रेवर हे साधारण 10 ते 20 टक्के व्यक्तींमध्ये दिसतं, त्रास मात्र फार थोड्यांना होतो. पण झाला तर मज्जारज्जू दबतो. म्हणून एक्स-रे ठीक आला तरी लक्षणांवर नजर हवी: मान एका बाजूला कललेली राहणं, मान दुखणं, चाल बदलणं, पाय ताठ पडणं, हातातून वस्तू सुटायला लागणं, लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काहीही नव्याने दिसलं तर व्यायाम थांबवून न्यूरॉलॉजिस्ट किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पायात ताकद नाही असं तुम्ही लिहिलंय, तर ती पूर्वी होती आणि गेली की कधी नव्हतीच, हे डॉक्टरांना नीट सांगा. गेल्या काही महिन्यांत घसरण झाली असेल तर कारण शोधल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही.

मानेच्या बाबतीत काही गोष्टी कायमच्या बंद: खांद्यावर वजन किंवा बार घेऊन उठाबशा, कोलांटी, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, पाण्यात सूर मारणं, फुटबॉल डोक्याने मारणं. सूर्यनमस्कार घालत असेल तर डोकं मागे झोकून न देता. केस कापल्यावर न्हावी मान मोडून देतो तीही बंद. पुढच्या वेळी दुकानात शिरतानाच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट थायरॉइड. डाउन सिंड्रोममध्ये त्याची कमतरता खूप आढळते. आळस, वाढतं वजन, स्नायूंची अशक्ती, बद्धकोष्ठता या सगळ्याचं मूळ तिथं असू शकतं. रक्तातली टीएसएच (थायरॉइडची तपासणी) वर्षा-दोन वर्षांतून एकदा बघायलाच हवी. त्याच रक्तात ड जीवनसत्त्व, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर पाहून घ्या. मग हृदय. जन्मतः हृदय ठीक असलं तरी मोठेपणी झडपांचा त्रास होऊ शकतो, म्हणून बरीच वर्षं इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या. एक माहिती ट्रेनरलाही द्या: डाउन सिंड्रोममध्ये हृदयाचे कमाल ठोके इतरांपेक्षा मिनिटाला साधारण 25 ते 30 कमी असतात. 220 मधून वय वजा करून काढलेलं लक्ष्य किंवा घड्याळाने सांगितलेला आकडा त्याला लागू होत नाही. तो गाठायला लावणं म्हणजे त्याला दमवून टाकणं. ‘आळशी आहे’ हा शिक्का बऱ्याचदा इथूनच बसतो. रात्री तो जोरात घोरतो का, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतो का, हेही सांगा. झोपेत श्वास अडण्याचा त्रास असेल तर व्यायामाला अंगात जोरच उरत नाही.

रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढू शकतं, सकाळी गुंगी राहू शकते. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करायची नाही. मानसोपचारतज्ज्ञांना वजनाचा आकडा दाखवून डोस पुन्हा तपासायला सांगा आणि व्यायामाची वेळ सध्या संध्याकाळचीच ठेवा. (आकडीच्या, म्हणजे फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात घ्यावं: फेनिटोइन, फिनोबार्बिटोन, व्हॅल्प्रोएट या औषधांनी वर्षानुवर्षांत हाडं ठिसूळ होऊ शकतात आणि तोलही जातो. त्यांनी पायरीचा व्यायाम भिंतीच्या कडेने आणि कुणीतरी शेजारी उभं असतानाच करवावा.)

तपासण्या झाल्या की पहिल्या दिवशी व्यायाम नाही, फक्त मोजमाप. हात नसलेली, भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर. प्लास्टिकची खुर्ची नको. फरशीवर तिचे पाय फाकतात. हात छातीशी घेऊन तो पाच वेळा उठू-बसू शकतो का आणि किती सेकंदांत, ते वहीत लिहा. हात न लावता एकदाही उठता येत नसेल तर बैठकीवर घड्या घातलेल्या गोधड्या ठेवत जा, ज्या उंचीवर जमेल तिथे थांबा. समजा तीन घड्यांवर जमलं, तर ती उंची म्हणजेच त्याचा आजचा भार. पुढे एकेक घडी काढणं म्हणजेच भार वाढवणं.

सुरुवातीला तीनच व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवून टाका. अनवाणी किंवा मागे पट्टा असलेल्या चपला, सपाता नकोत.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. त्याला बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसवा. पावलं कमरेएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. बहुतेकांचं इथेच चुकतं: पाय पुढे पसरलेले असतात, मग कितीही जोर लावला तरी अंग मागेच पडतं. हात छातीवर. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं, आणि उठायचं. उभं राहिल्यावर कुल्ले आवळून सरळ. बसताना सावकाश, ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत. धप्पकन बसला तर निम्मा व्यायाम वाया जातो, कारण अंग खाली आणतानाही मांडीचा स्नायू तेवढंच काम करत असतो. उठताना गुडघे आत वळत असतील तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तुमचा तळहात लावा आणि म्हणा, ‘माझा हात ढकल.’ गुडघे सरळ ठेव हे सांगून त्याला कळणार नाही, हात ढकलणं कळेल. गुडघ्याची वाटी बाजूला सरकताना दिसली तर मात्र थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. सैल बंधांमुळे डाउन सिंड्रोममध्ये हे होतं.

दुसरा, पायरी. जेवणाचा पाट भिंतीलगत ठेवा, खाली रबरी पायपुसणं, म्हणजे सरकणार नाही. पूर्ण पाऊल पाटावर, टाच बाहेर लोंबकळता कामा नये. एक हात भिंतीला. वर चढायचं, त्याच पायावर तोल ठेवून दुसरा पाय खाली. एका पायाचे आठ झाले की दुसरा. पाट सोपा झाला की घरातली पायरी, साधारण 15 सेंटिमीटर. त्याच्या पुढे त्याहून उंच जोतं किंवा ओटा. आणि महिन्यातून दोन-तीनदा गर्दी नसताना स्टँडवर जाऊन, कंडक्टरना विचारून, खऱ्या पायरीवर सराव. तिथे दांडा कुठे आणि कोणत्या हाताने धरायचा तेही शिकायचं असतं, घरी ते शिकता येत नाही.

तिसरा ओढण्याचा. खिडकीच्या गजाला रबरी व्यायामपट्टा अडकवून, खुर्चीत ताठ बसून, कोपर मागे नेत पोटाकडे ओढायचा. पट्ट्यांच्या एका प्रचलित मालिकेत पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा. लालपासून बघा. पट्टा दर वेळी ताणून तपासा, बारीक चीर दिसली की फेकून द्या. तुटून डोळ्याला लागतो.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाची आठ वेळांची एकच फेरी. कमी वाटेल, पण मुद्दाम कमी आहे. नव्या व्यायामाने एक-दोन दिवस अंग दुखतं आणि ते तो शब्दांत सांगेलच असं नाही. चिडचिड, खाली बसायला नकार, एक पाय आखडता घेणं, जेवण टाळणं, ही त्याची सांगण्याची पद्धत असू शकते. दुखत असूनही उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने व्यक्त होतं. म्हणूनच ‘त्याला दुखत नाही’ हे गृहीत धरू नका. तिसऱ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. मग आठवरून हळूहळू 12 वर जा. दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येकी 12 वेळा, व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी, नीट जमलं की भार वाढवायचा. खुर्चीसाठी आधी घड्या काढा. सगळ्या निघाल्या की छातीशी मिठीत धरायला पिशवी: आत एक लिटर पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो. मग दोन, मग तीन. पाठीवर किंवा खांद्यावर नाही, मिठीतच.

या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे भार न वाढवणं. प्रेमापोटी, काळजीपोटी, तीच अर्धा किलोची डंबेल्स वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतात. पुरेसा भार कसा ओळखायचा? ‘दमलास का?’ विचारून नाही. बरेच जण समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर देतात, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं कार्ड दाखवलं तरी हसऱ्यावरच बोट ठेवतात. त्याच्याकडे बघा. शेवटच्या दोन वेळा वेग आपोआप मंदावला, चेहऱ्यावर जोर दिसला, पण पद्धत बिघडली नाही, तर भार बरोबर. बारावी वेळ गप्पा मारत झाली तर भार कमी. तोंड मिटून श्वास कोंडत असेल तर मोठ्याने आकडे म्हणायला लावा. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

आता ‘नको’. दोन मिनिटांत निघून जाण्यामागे बहुधा दोन कारणं असतात: सूचना फार आणि शेवट दिसत नाही. ‘सरळ बस, पाय मागे घे, पुढे वाक, आता उठ’ या चार सूचना झाल्या. त्याऐवजी त्याच्यासमोर खुर्चीत बसा आणि तुम्ही स्वतः करा. सूचना एका वेळी एक, दोन शब्दांची: ‘नाक पुढे.’ ‘उठ.’ मग पाच-सहा सेकंद गप्प राहा. त्याला ऐकून अंग हलवायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण मध्येच पुन्हा बोललो की तो पहिल्यापासून सुरू करतो. शेवट दिसण्यासाठी दोन वाट्या आणि आठ बाटल्यांची झाकणं घ्या. प्रत्येक वेळी एक झाकण या वाटीतून त्या वाटीत. वाटी रिकामी झाली की संपलं. आणि संपलं म्हणजे संपलंच. ‘छान करतोयस, अजून दोन कर’ म्हटलंत तर उद्या तो वाटीवर विश्वास ठेवणार नाही.

व्यायाम करताना त्याचेच मोबाइलवर फोटो काढून छापा आणि क्रमाने दोरीवर चिमट्याने लावा. झाला तो फोटो त्याने उलटायचा. क्रम त्याला निवडू द्या: ‘आधी खुर्ची की आधी पाट?’ तो 31 वर्षांचा पुरुष आहे. करायचं की नाही यावर वाद होतो, आधी काय यावर क्वचितच. वेळ एखाद्या आवडत्या गोष्टीच्या लगेच आधी बांधा, गाणी किंवा मालिका. बक्षीस खाण्याचं नको. कालनिर्णयवर त्या दिवशीच्या चौकोनात त्याने स्वतः टिकली लावायची, बस्स. आठवडाभर निव्वळ खुर्चीच झाली तरी चालेल.

जमिनीवरून उठणं वेगळं शिकवावं लागतं. आज तुम्ही समोरून हात धरून ओढता, त्यात तुमची कंबर आणि त्याचा सैल खांदा दोन्ही धोक्यात आहेत. आजपासून ओढणं बंद. समोर जड स्टूल ठेवा. कुशीवर वळणं, गुडघ्यांवर-हातांवर येणं, स्टूलवर दोन्ही हात, एक पाऊल पुढे रोवणं, मग जोर लावून उभं राहणं असा क्रम आहे. शिकवा मात्र शेवटाकडून: आधी एक पाऊल रोवलेल्या स्थितीत आणून फक्त उभं राहणं, ते पक्कं झालं की त्याआधीचा टप्पा. असं केलं की दर वेळी शेवट यशात होतो. हे होईपर्यंत काही महिने जेवण टेबलावर दिलंत तर काही बिघडत नाही, पण सराव रोज एकदा तरी.

आहारात प्रथिनं बघा. सकाळी पोहे, दुपारी भात जास्त आणि पातळ आमटी, संध्याकाळी बिस्किटं, यात ती फार कमी पडतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 6, घट्ट वरणाच्या वाटीत 6 ते 7, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18. प्रत्येक जेवणात यातलं काहीतरी हवं. शेंगदाणे अख्खे देऊ नका. चावणं कमजोर असेल तर घशात अडकतात, कूट घाला. दुकानातली प्रोटीन पावडर सध्या नकोच.

जिमने नकार दिला त्याबद्दल: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 अशा भेदभावाच्या विरोधात आहे, हे सांगायला संकोच करू नका. पण आधी दुसरं जिम बघा. दुपारच्या रिकाम्या वेळेत, मानेची-हृदयाची तपासणी झाल्याचं डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. बसून करायची यंत्रं, म्हणजे लेग प्रेस, बसून ओढणं, बसून ढकलणं, त्याला मोकळ्या वजनांपेक्षा सोपी आणि सुरक्षित, कारण मार्ग ठरलेला असतो. पहिले काही आठवडे घरचं किंवा ओळखीचं कुणीतरी शेजारच्या यंत्रावर हवं. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाला एकदा पद्धत दाखवून या. स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या खेळांना वयाची वरची मर्यादा नाही, जिल्ह्यातल्या विशेष शाळेत चौकशी केली तर पत्ता लागेल. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामया आरोग्य विमा योजना काढली नसेल तर काढा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचाही काही खर्च बसतो.

दर चार आठवड्यांनी पाच वेळा उठण्याची वेळ पुन्हा मोजा. वजनकाट्यावर फरक दिसला नाही तरी त्या वहीत दिसेल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला फरक मुख्यतः सवयीचा असतो, खरी ताकद आठ ते बारा आठवड्यांत कळते. दिवाळी, लग्नकार्य, ताप यात खंड पडणारच. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर सोडलं त्या भारावर परत जाऊ नका. पिशवीतलं वजन निम्मं करा, एकच फेरी घ्या, आणि तिथून वर या. तापातून उठल्यावर चार दिवस फक्त चालणं.